बांधणीला आलेले पुस्तक

वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून होत आले, की शिक्षकांच्या खोलीत एक प्रश्न हमखास निघतो. उच्च प्राथमिक वर्गांतील, म्हणजे साधारण दहा ते तेरा वर्षांच्या मुलांना सुट्टीत वाचायला कोणती पुस्तके सांगावीत? मग यादी तयार होते. यादीत काही थोरांची चरित्रे, काही गोष्टींची पुस्तके आणि ‘विज्ञानही हवे’ म्हणून दोन-चार माहितीपुस्तके असतात. यादी फळ्यावर लिहिली जाते, मुले ती वहीत उतरवून घेतात आणि शाळेच्या ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप लागते. पुस्तके आत, यादी बाहेर, अशी ही सुट्टी असते.

पुस्तक निवडणे ही वाटते तितकी किरकोळ बाब नाही. या वयातील मूल वाचायला शिकण्याचा टप्पा ओलांडून वाचून शिकण्याच्या टप्प्यावर आलेले असते. याच सुमारास त्याला एक तरी पुस्तक आपले वाटले, तर वाचनाची वाट रुळते. नाहीतर पुस्तक म्हणजे पाठ्यपुस्तक आणि वाचन म्हणजे अभ्यास, हे समीकरण पक्के होते. तेव्हा निवड कशाच्या आधारे करावी, हे पाहण्यासाठी आपण विज्ञानाच्या इतिहासातील एका पुस्तकाची आणि त्याच्या एका वाचकाची हकीकत पाहू. पुस्तक १८०५ च्या अखेरीस लंडनमध्ये छापले गेले. वाचक त्याच शहरातील एका लोहाराचा मुलगा होता.

रीबॉ यांचे दुकान

मायकेल फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा. वडील लोहारकाम करीत, पण प्रकृतीने अधू होते. घरात ओढगस्त होती. मायकेलचे शाळेतील शिक्षण लिहिणे, वाचणे आणि जुजबी अंकगणित एवढ्यावरच संपले. १८०४ साली, म्हणजे आपल्याकडील सातवी-आठवीच्या वयात, तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरील जॉर्ज रीबॉ यांच्या दुकानात निरोप्या म्हणून लागला. रीबॉ पुस्तके विकत आणि बांधूनही देत. मायकेलचे काम वर्तमानपत्रे गिऱ्हाइकांच्या घरी पोचवण्याचे आणि वाचून झाली की परत आणण्याचे होते. एका वर्षाने रीबॉ यांनी त्याला सात वर्षांच्या कराराने शिकाऊ उमेदवार म्हणून घेतले. अशा उमेदवारीसाठी मालकाला रक्कम देण्याची त्या काळी पद्धत होती. मुलाचे काम चोख पाहून रीबॉ यांनी ती घेतली नाही.

दुकानात बांधणीसाठी पुस्तके येत. फर्मे जुळवायचे, शिवायचे, सरस लावायचा, कातडे चढवायचे, हे झाले काम. पण हा मुलगा कामाची वेळ संपल्यावर ती पुस्तके वाचीत बसे. मालकाने त्याला हटकले नाही. विज्ञानाच्या इतिहासात रीबॉ यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. त्यांनी मायकेलला कोणती यादी दिली नव्हती. त्यांनी फक्त कपाट उघडे ठेवले.

त्या पुस्तकांपैकी दोन फॅरेडेच्या आयुष्यात निर्णायक ठरली. एक म्हणजे ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’चा एक खंड. त्यातील विजेवरील प्रदीर्घ लेखाने त्याला या विषयाची पहिली ओळख करून दिली. दुसरे म्हणजे ‘कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री’, म्हणजे ‘रसायनशास्त्राविषयी संवाद’. त्यावर लेखकाचे नाव नव्हते.

पुस्तकामागची बाई

ते पुस्तक जेन मार्सेट यांनी लिहिले होते. त्यांचा जन्म १७६९ मध्ये लंडनमध्ये झाला, वडील मूळचे स्वित्झर्लंडचे व्यापारी. पती अलेक्झांडर मार्सेट वैद्य होते आणि रसायनशास्त्रात त्यांना गती होती. १७९९ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्ही या तरुण रसायनशास्त्रज्ञाची व्याख्याने होत आणि ती ऐकायला गर्दी लोटे. मार्सेटबाईही जात. पण पहिल्यांदा त्यांना व्याख्यान नीट उमगले नाही. प्रयोग झरझर होऊन जात आणि मागे नुसता चमत्कार पाहिल्याची भावना राहत असे. मग घरी त्याच विषयावर एका स्नेह्याशी बोलणे झाले, प्रयोग पुन्हा करून पाहिले, शंका विचारल्या. आणि पुढच्या व्याख्यानाला त्या गेल्या तेव्हा सारे सोपे वाटू लागले. बोलता बोलता समजते, हा स्वतःचा अनुभव होता. म्हणून त्यांनी पुस्तकही बोलण्याच्या रूपात लिहिले.

पुस्तकात तीन पात्रे आहेत. शिकवणाऱ्या मिसेस बी., शांत व मन लावून ऐकणारी एमिली आणि उतावळी, चटकन बोलून मोकळी होणारी कॅरोलाइन. सुरुवातीला तर रसायनशास्त्राबद्दल कॅरोलाइनला काही आस्थाच नसते. वर्गात बसलेल्या ज्या मुलाला ‘हे मला काय करायचे?’ असे वाटत असते, त्याची जागा लेखिकेने पुस्तकात राखून ठेवली आहे. शंका विचारणे, चुकीचा अंदाज करणे आणि तो सुधारणे, हे सगळे पानोपानी चालते.

हे पुस्तक लिहिले गेले ते मुख्यतः स्त्रियांसाठी. विद्यापीठाची दारे त्यांना बंद होती. घरातील दिवाणखान्यात बसून वाचणाऱ्या सुशिक्षित मुली लेखिकेच्या डोळ्यांसमोर होत्या. सरसाने हात बरबटलेला, पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेला कारागीर मुलगा तिच्या हिशेबात नव्हता. पण पुस्तक त्याच्यापर्यंत पोचले. ‘हे पुस्तक अमक्या मुलांना झेपणार नाही’, असे आपण यादी करताना सहज म्हणतो, तेव्हा हा प्रसंग आठवावा.

पुस्तकात चूक होती

आता थोडे अडचणीचे बोलू. मार्सेटबाईंच्या पुस्तकात उष्णता हे एक द्रव्य म्हणून सांगितले होते. त्याला ‘कॅलॉरिक’ असे नाव होते आणि लाव्हाझिएने केलेल्या मूलद्रव्यांच्या यादीतही ते होते. वस्तू तापते तेव्हा हे सूक्ष्म द्रव्य तिच्यात शिरते, असा समज होता. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो मागे पडला. उष्णता हे द्रव्य नसून कणांच्या गतीशी निगडित असलेली ऊर्जा आहे, हे आज आपण शाळेतच शिकवतो.

म्हणजे ज्या पुस्तकाने फॅरेडे घडवला, त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण आजच्या कसोटीवर चुकीचे ठरते. यावरून पुस्तकातील चुका चालवून घ्याव्यात असा अर्थ कोणी काढू नये. मार्सेटबाईंनी स्वतः तसा काढला नाही. १८०७ मध्ये डेव्हीने विजेच्या साहाय्याने पोटॅशियम आणि सोडियम ही मूलद्रव्ये वेगळी केली, तेव्हा पुढच्या आवृत्तीत त्याची दखल आली. नवे शोध लागत गेले आणि पुस्तक बदलत गेले. १८५३ पर्यंत त्याच्या सोळा आवृत्त्या निघाल्या. लेखिकेचे नाव मात्र १८३२ पर्यंत छापले गेले नव्हते.

चूक असूनही ते पुस्तक उपयोगी ठरले, याचे कारण त्याच्या रीतीत आहे. पुस्तक ‘असे आहे’ एवढेच सांगून थांबत नव्हते. ‘कशावरून?’ हे विचारायला जागा ठेवत होते, आणि उत्तरादाखल प्रयोग दाखवत होते. फॅरेडेने नेमके तेच उचलले. आठवड्याला काही पेनी खर्चून जमतील तेवढे प्रयोग तो करू लागला. जुलै १८१२ मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने आपली पहिली विद्युतघटमाला कशी केली ते मोठ्या उत्साहाने सांगितले आहे. जस्ताच्या पत्र्याच्या सात चकत्या कापल्या, त्यांवर अर्ध्या पेनीची सात तांब्याची नाणी ठेवली आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद घातले. एवढ्या सामग्रीने त्याने मॅग्नेशियम सल्फेटच्या द्रावणाचे अपघटन करून पाहिले. ज्याने पुढे १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधले आणि १८३३-३४ मध्ये विद्युत अपघटनाचे नियम मांडले, त्याची सुरुवात ही अशी सुट्या पैशांतून झाली.

१८५८ मध्ये मार्सेटबाई वारल्या. त्या वर्षी जिनिव्हाचे भौतिकशास्त्रज्ञ द ला रीव्ह यांना लिहिलेल्या पत्रात फॅरेडेने या पुस्तकाचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. त्या पत्राचा आशय शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तो म्हणतो, की आपण काही अकाली प्रौढ किंवा सखोल विचार करणारे मूल नव्हतो. कल्पनाशक्ती मात्र तीव्र होती. अरबी कथांवर जितक्या सहज विश्वास बसे तितक्याच सहज विश्वकोशावरही बसे. आपल्याला तारले ते वस्तुस्थितीवरील विश्वासाने. कोणी काही प्रतिपादन केले, की ते उलटतपासून पाहायचे. मार्सेटबाईंचे पुस्तक आपल्याला जमतील त्या लहानसहान प्रयोगांनी तपासले, ते खरे उतरले, आणि मग आपल्याला रसायनशास्त्रात नांगर टाकायला जागा मिळाली. पुढे आपले शोधनिबंध प्रसिद्ध झाले, की आपल्या या पहिल्या शिक्षिकेला आठवून तो ते आदरपूर्वक पाठवीत असे.

एका फॅरेडेवरून सर्व मुलांबद्दल नियम बांधता येत नाही, हे मला मान्य आहे. हे पुस्तक वाचणारे हजारो होते, फॅरेडे एकच झाला. व्याख्यानांच्या प्रवेशाचे शिलिंग देणारा थोरला भाऊ, डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटे देणारे गिऱ्हाईक आणि १८१३ मध्ये त्याला प्रयोगशाळेत घेणारा डेव्ही, हे सारे नसते तर पुस्तक एकटे काय करणार होते? पण चांगले पुस्तक मुलाच्या हाती पडले तर काय होऊ शकते, याचा हा खुद्द वाचकानेच सांगितलेला पुरावा आहे.

ऋणाची फेड

१८२५ पासून रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्याने सुरू झाली. १८२७ ते १८६० या काळात फॅरेडेने अशा एकोणीस व्याख्यानमाला गुंफल्या. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध माला मेणबत्तीवरची. ती त्याने १८४८ च्या आणि पुन्हा १८६० च्या नाताळात दिली. विल्यम क्रुक्स यांनी संपादित केलेली ही व्याख्याने १८६१ मध्ये पुस्तकरूपाने आली. सुट्टीत वाचायच्या विज्ञानपुस्तकांचा हा आजही एक उत्तम नमुना आहे.

विषय काय, तर मेणबत्ती; प्रत्येकाच्या घरात असलेली. मेणबत्ती विझवून वर जाणाऱ्या धुराच्या रेघेजवळ जळती काडी धरली, की ज्योत त्या रेघेवरून उतरून वातीला लागते. जळते ते मेणाची वाफ, हे मुलाच्या डोळ्यांसमोर सिद्ध होते. ज्योतीवर थंड पाण्याने भरलेली वाटी धरली, तर तिच्या बुडाशी बाष्प जमते. मेणबत्ती जळते तेव्हा पाणी तयार होते, हे ऐकून आश्चर्य वाटते आणि पाहून खात्री पटते. चुन्याची निवळी दुधाळ करणारा वायू मेणबत्तीतून येतो आणि आपल्या उच्छ्वासातूनही येतो, इथपर्यंत येऊन व्याख्याने श्वसनाशी पोचतात. हे प्रयोग शिक्षकांनी समोर राहून करून घ्यावेत. त्याच पुस्तकातील हायड्रोजन किंवा पोटॅशियमचे प्रयोग मात्र मुलांनी घरी करण्यासारखे मुळीच नाहीत. जुने पुस्तक निवडताना ही पाने शिक्षकांनी आधी वाचलेली असावीत.

आपल्याकडील वाट

मराठीत मुलांसाठी छापील पुस्तकांची सुरुवात याच काळातली. १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ ही पुस्तके निघाली. पहिल्याचे मूळ फ्रेंच लेखक बेर्कँ यांच्या मुलांसाठीच्या लेखनात होते, ते इंग्रजीवरून मराठीत आले. १८३७ मध्ये हरि केशवजी यांचे ‘रसायनशास्त्रविषयक संवाद’ प्रसिद्ध झाले. रसायनशास्त्र सांगायला प्रश्नोत्तरांचा संवाद हवा, ही कल्पना तीस-बत्तीस वर्षांत मुंबईला पोचली होती, असे त्यावरून दिसते. १८४० मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढून त्यात भूगोल, इतिहास व शास्त्रीय विषय आणले. पुढे १९२८ पासून पुण्याहून ‘सृष्टिज्ञान’ निघू लागले आणि १९७१ मध्ये बालभारतीने ‘किशोर’ सुरू केले.

मधल्या एका पिढीला आणखी एक ठेवा मिळाला. सोव्हिएत संघात छापलेली, मराठीतही आलेली स्वस्त आणि सुबक पुस्तके गावोगावच्या पुस्तक प्रदर्शनांत मिळत. याकोव्ह पेरेलमान यांचे ‘मनोरंजक भौतिकशास्त्र’ मूळ रशियनमध्ये १९१३ साली आले. पेरेलमान १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीने गेले, पण त्यांच्या पुस्तकाची इंग्रजी प्रत आपल्याकडील कित्येक शिक्षकांनी जपून ठेवली आहे. त्यांची रीत आधी कोडे घालायचे आणि मग नियम सांगायचा, अशी होती. १९९१ नंतर तो ओघ आटला.

निवड कशी करावी?

या हकीकतीतून पाच कसोट्या काढता येतात. त्या मला उपयोगी वाटतात.

पहिली, पडताळा. पुस्तकातील निदान काही गोष्टी मुलाला घरच्या वस्तूंनी, अंगणात, शेतात किंवा आभाळाकडे पाहून तपासता आल्या पाहिजेत. नुसती आकडेवारी आणि ‘जगातील सर्वांत मोठे’ असली माहिती देणारे पुस्तक पाठ होते, तपासता येत नाही.

दुसरी, पुस्तकात शंकेला जागा आहे का? पात्रे नसली तरी चालतील, पण ‘कशावरून?’ हा प्रश्न लेखकाने स्वतः विचारलेला असावा. एखादे पान मोठ्याने वाचून पाहावे. ते बोलल्यासारखे वाटते की परिपत्रकासारखे, हे लगेच कळते.

तिसरी, आवृत्तीचे वर्ष पाहावे. जुन्या पुस्तकात सूर्यमालेत नऊ ग्रह असतील. २००६ पासून प्लूटो बटुग्रह गणला जातो. एवढ्यासाठी पुस्तक रद्दीत घालू नये. त्या पानावर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवावी. शक्य तर मुलाकडूनच लिहून घ्यावी. ज्ञान बदलते आणि ते का बदलले हे सांगता येते, हा धडा त्या चिठ्ठीतून मिळतो. पण जे पुस्तक कुठलाच पुरावा न देता भलतेसलते दावे करते, ते चिठ्ठी लावून सुधारत नाही. ते बाजूला ठेवावे.

चौथी, गोष्टींना विज्ञानाचे शत्रू समजू नये. अरबी कथा वाचणारे मूलच विश्वकोश वाचत होते. यादीत साहसकथा, प्राण्यांच्या गोष्टी, परीकथा मोकळेपणाने असाव्यात. कल्पनाशक्ती वाढू द्यावी आणि सोबत पडताळ्याची सवय लावावी. दोहोंपैकी एकच ठेवायचे, असे काही नाही.

पाचवी, शेवटची निवड मुलाची. शिक्षकांनी वीस-पंचवीस पुस्तके निवडावीत, ती टेबलावर मांडावीत आणि मुलाला त्यांतील दोन-तीन उचलू द्यावीत. चाळणे, परत ठेवणे, दुसरे घेणे, हेही वाचनच आहे. वाचून झाल्यावर सारांश लिहून आणण्याची सक्ती नको. फॅरेडे वाचलेल्या नवलाईच्या गोष्टी एका वहीत टिपून ठेवीत असे, पण ती त्याची स्वतःची वही होती, तपासायला कोणी मागत नव्हते. मुलांना अशी एक कोरी वही द्यावी. ‘काय करून पाहिले’ आणि ‘काय पटले नाही’ एवढे दोनच मथळे सुचवावेत.

राहिला कपाटाच्या कुलपाचा प्रश्न. सुट्टीत पुस्तके घरी दिली आणि हरवली तर नोंदवहीत कोणी उत्तर द्यायचे, ही शिक्षकांची भीती खोटी नाही. ती एकट्या शिक्षकावर सोडणेही बरोबर नाही. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीने सुट्टीपूर्वीच ठरवावे, की इतकी पुस्तके सुट्टीत बाहेर जातील आणि त्यांतील काही फाटून येतील. वापराने झिजलेले पुस्तक हे नुकसान नव्हे, एवढा ठराव झाला तर पुष्कळ काम होईल. ज्या घरांत मोबाइल आहे, तिथे ‘किशोर’चे जुने अंक आणि अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरील अनेक मराठी पुस्तके विनामूल्य मिळतात. पण ज्या घरांत शालेय पुस्तकांशिवाय दुसरा छापील कागद नाही, तिथल्या मुलाला शाळेचे कपाट हाच एकमेव आधार आहे. यादी त्याच्या काहीच कामाची नाही.

लंडनच्या त्या दुकानातली पुस्तके तर गिऱ्हाइकांची होती. मुलाच्या सरसाळ हातांनी पाने डागाळतील, अशी भीती रीबॉ यांनाही वाटू शकली असती आणि ती रास्त ठरली असती. तरी त्यांनी त्याला वाचू दिले. येत्या सुट्टीच्या आदल्या दिवशी आपल्या शाळेतील कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, एवढे तरी आपण आधी पाहून ठेवावे.